वॉर्डातली शिकवणी, रेसिडेंटच्या हातची: कुठे अव्वल, कुठे उणी

वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवायला कागदावर प्राध्यापक असतात, पण पोस्टिंगचे, म्हणजे एकेका विभागातल्या नेमणुकीचे, बरेचसे तास जातात रेसिडेंटच्या, म्हणजे रुग्णालयात काम करत पुढचं शिकणाऱ्या डॉक्टरच्या, मागे फिरण्यात. कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) कशी घालायची, रुग्णाची फाइल कुठून वाचायला घ्यायची, रात्री दोन वाजता सीनियरला फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हे सगळं तिथंच शिकायला मिळतं. डॉ. विल्यम ऑस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८९ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रेसिडेन्सीची जी घडी बसवली, तिच्यातच शिकणाऱ्याने शिकवायचं हे गृहीत धरलं होतं. आजही ही शिकवणी बहुतेक ठिकाणी वेळापत्रकात नसते, आणि एका वॉर्डात सोन्यासारखी तर शेजारच्या वॉर्डात नावालाही नाही अशी तिची तऱ्हा असते. म्हणूनच ती नीट तपासून पाहायला हवी. कुठला रेसिडेंट चांगला शिकवतो हे नशिबावर सोडण्याइतकी ती किरकोळ गोष्ट नाही.

आधी तिचं सगळ्यात मोठं बळ. रेसिडेंट विद्यार्थ्यापेक्षा फक्त काही वर्षं पुढे असतो. आपण कुठे अडखळलो होतो हे त्याच्या अजून लक्षात असतं. वीस वर्षं हृदयरुग्ण पाहिलेल्या माणसाला मानेची फुगलेली शीर ओळखीच्या चेहऱ्यासारखी दिसते. ती कशी दिसली हे त्याला सांगता येतंच असं नाही, मधल्या पायऱ्या त्याच्या नकळत गळून गेलेल्या असतात. रेसिडेंट त्या पायऱ्या अजून मोजून चढतो. म्हणून तो सांगू शकतो, ‘रुग्णाला पंचेचाळीस अंशांवर बसव, मान किंचित डावीकडे वळव, प्रकाश तिरका पडू दे. हलताना दिसतंय त्यावर बोट ठेव. बोटाला ठोका लागला तर ती धमनी. ठोका लागत नाही, श्वासाबरोबर पातळी खालीवर होते आणि पोटावर दाब दिला की वर चढते, तर ती शीर. आता छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून सरळ उभी उंची मोज. तीन-चार सेंटिमीटरच्या वर गेली तर वाढलेली म्हण.’ एवढं एकदा रुग्णाशेजारी झालं की विद्यार्थी ते विसरत नाही.

पण जवळ असणं म्हणजे शिकवता येणं नव्हे. नव्या रेसिडेंटचं स्वतःचं ज्ञान बऱ्याचदा ठिगळं लावलेलं असतं. ‘आमच्या युनिटला असंच करतात’ हे वाक्य कारणाच्या जागी आलं, की शिकवणी तिथंच घसरली असं समजावं. चांगल्या रेसिडेंटची ओळख उलट दिशेने पटते. तो ‘हे मला माहीत नाही’ असं मोकळेपणाने म्हणतो, आणि संध्याकाळी उत्तर घेऊन परत येतो. हा दुसरा भाग गाळला तर पहिल्याला काही किंमत उरत नाही.

पहिल्या दिवसाची पाच मिनिटं

या शिकवणीत सगळ्यात स्वस्त आणि तरीही हटकून राहून जाणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीचं बोलणं. विद्यार्थी वॉर्डात येतो, कुणाच्या मागे उभं राहायचं ते त्याला कळत नाही, आणि तीन दिवस तो भिंतीला टेकून काढतो. मग ‘हल्लीच्या मुलांना रस नाही’ अशी तक्रार होते. पाच मिनिटांत सांगण्यासारख्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तुझे दोन रुग्ण कोणते, राउंडच्या आधी त्यांना कधी पाहायचं, केस किती मिनिटांत सांगायची, कुठलं काम एकट्याने करायचं नाही, काही बिघडलं तर कुणाला हाक मारायची. आणि एक प्रश्न विचारायचा, ‘या पोस्टिंगमध्ये तुला काय जमायला हवंय?’ विद्यार्थी ‘सगळंच’ म्हणाला तर त्याला एका गोष्टीवर आणायचं. ‘छातीचा एक्स-रे क्रमाने वाचता यावा’ हे उद्दिष्ट चालेल, ‘मेडिसिन पक्कं करायचंय’ हे नाही.

दोनच रुग्ण का? पाच दिले की विद्यार्थी आकडे गोळा करणारा कारकून होतो. दोघांचीच जबाबदारी असली की हिस्ट्रीतली, म्हणजे रुग्णाला विचारून घेतलेल्या हकिकतीतली, फट त्याला स्वतःला दिसते.

केस ऐकण्याची रीत

इथे एक तयार अवजार हाताशी आहे, आणि ते खरोखर कामाचं आहे. नेहर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. ती ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ या नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्याला मत मांडायला लावायचं, त्यामागचा आधार विचारायचा, एक सर्वसाधारण नियम शिकवायचा, बरोबर केलं ते सांगायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं. ऐकायला साधी वाटते. वापरताना ती कुठे टिकते आणि कुठे मोडते ते एका केसवर पाहू.

विद्यार्थी सांगतो, ‘सर, साठ वर्षांचे गृहस्थ, तीन दिवसांपासून दम लागतोय, खोकला आहे, दोन्ही बाजूंना तळाशी क्रेप्स आहेत.’ आणि थांबतो. (क्रेप्स म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे फुप्फुसातले करकर आवाज.) याच क्षणी बहुतेक रेसिडेंट शिकवणी हातची घालवतात. ते लगेच विचारतात, ‘ताप? बेडका? सॅच्युरेशन किती?’ माहिती त्यांना मिळते, निदान त्यांच्या डोक्यात होतं, आणि विद्यार्थी निरोप्या होऊन बाजूला राहतो. चांगला रेसिडेंट म्हणतो, ‘तुला काय वाटतं?’

‘न्यूमोनिया, सर.’

‘कशावरून?’

‘खोकला आहे, क्रेप्स आहेत.’

‘बरं. न्यूमोनियाच्या विरोधात काही आहे का यात?’

इथे गप्प राहायचं. विद्यार्थी विचार करतो. ‘ताप नाहीये. आणि... ते म्हणाले की आडवं झालं की जास्त दम लागतो. दोन उशा घेतात.’

‘मान पाहिलीस?’

‘नाही, सर.’

‘चल, पाहू.’ आणि दोघं पलंगापाशी जातात. मानेची शीर वर चढलेली, पायांवर बोट दाबलं की खड्डा, म्हणजे हृदय कमी पडत असल्याच्या खुणा. मग नियम येतो, एकच. ‘दोन्ही तळांशी क्रेप्स ऐकू आल्या तर मान आणि पाय पाहिल्याशिवाय न्यूमोनियावर थांबायचं नाही.’ पुढे, ‘उशांचं तू विचारलंस हे फार चांगलं केलंस, त्यामुळेच आपण इथवर आलो. पण ते विचारून ठेवलंस, निदानात वापरलं नाहीस. उद्यापासून निदान सांगताना त्याच्या विरोधातला एक मुद्दाही सांगायचा.’

नाव एका मिनिटाचं असलं तरी पलंगापाशी जाऊन येईपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात. तरी ती परवडतात, कारण रुग्णाला तपासायचं काम रेसिडेंटला तसंही होतंच.

आता ही पद्धत कुठे मोडते ते. तिसऱ्या पायरीवर उत्साही रेसिडेंट घसरतो. एक नियम सांगायचा तिथे तो हृदयविकाराचं वर्गीकरण, औषधांची यादी, नवी मार्गदर्शक तत्त्वं असं सगळं वीस मिनिटं सांगतो. विद्यार्थ्याच्या पदरात काहीच पडत नाही आणि राउंड लांबतो. शेवटची पायरी तर सर्रास गळते, कारण चूक दाखवणं अवघड वाटतं आणि तेवढ्यात फोन वाजतो. शिवाय अगदी नव्या विद्यार्थ्याने हिस्ट्रीच अर्धवट घेतलेली असेल, तर ‘तुला काय वाटतं’ विचारून तो अंदाजच ठोकेल. त्याच्याशी आधी हिस्ट्रीचंच बोलावं.

वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी स्नॅप्स ही २००३ सालची पद्धत आम्हाला अधिक पटते. तिच्यात चाक विद्यार्थ्याच्या हातात असतं. तो केस थोडक्यात मांडतो, शक्यता दोन-तीनांवर आणतो, त्यांची एकमेकींशी तुलना करतो, जिथे अडलंय ते स्वतः रेसिडेंटला विचारतो, उपचारांचं ठरवतो आणि घरी जाऊन वाचायला एक मुद्दा निवडतो. आपल्याला काय येत नाही हे त्याने आपण होऊन विचारायचं, हा यातला अस्सल भाग. जिथे विद्यार्थी घाबरलेले असतात तिथे नेमकी हीच पायरी पोकळ होते. ते आधीच माहीत असलेलं विचारतात.

रेसिडेंटने स्वतः मोठ्याने विचार करणं ही मात्र कुठल्याही पद्धतीशिवाय जमणारी गोष्ट. ‘मी हे पोटॅशियम परत का पाठवतोय? आकडा साडेसहा आलाय, पण ईसीजी साफ आहे, किडनी ठीक आहे, आणि रक्त काढताना सुई फार वेळ चाचपडली होती. नमुन्यातल्या पेशी फुटून आकडा खोटाच वाढला असण्याची शक्यता आहे. पण ईसीजी साफ म्हणजे धोका नाही असं नसतं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत मॉनिटर लावून ठेवतो.’ एरवी हा सगळा विचार डोक्यात होतो आणि विद्यार्थ्याला दिसते फक्त पुन्हा भरलेली ट्यूब.

नुसतं ऐकून न कळणारी चूक

केस ऐकून शिकवणारे रेसिडेंट भरपूर. तपासताना उभं राहून पाहणारे थोडे. या शिकवणीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

प्लीहेचं, म्हणजे स्प्लीनचं, उदाहरण घ्या. विद्यार्थी आत्मविश्वासाने सांगतो, ‘प्लीहा हाताला लागत नाही.’ वाक्य बरोबर, क्रम बरोबर, रेसिडेंट पुढे सरकतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याने हात थेट डाव्या बरगड्यांच्या कडेखाली ठेवला होता. प्लीहा फार वाढलेली असेल तर तिची कड त्याच्याही खाली, नाभीच्या पलीकडे उतरलेली असते. हात तिच्यावरच टेकलेला असतो आणि कड कधी लागतच नाही. सुरुवात उजव्या बाजूने खालून, ओटीपोटाच्या कोपऱ्यापासून करायची, प्रत्येक श्वासाला थोडं थोडं डाव्या बरगड्यांकडे सरकायचं. श्वास आत घेताना कड बोटांकडे यायला हवी, म्हणून त्या वेळी हात स्थिर ठेवायचा आणि श्वास सोडताना पुढे न्यायचा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ही चूक कितीही नेटक्या प्रेझेंटेशनमधून कळणार नाही, हात पाहावा लागतो.

पूर्ण तपासणी पाहायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, एकच भाग पुरतो. ‘तू पोट तपास, मी फक्त बघतो.’ मधे बोलायचं नाही. रुग्णाला दुखत असेल तर मात्र लगेच थांबवायचं. आणि काकांना आधी विचारायचं, ‘आमचा हा विद्यार्थी तुम्हाला तपासेल, मी इथेच आहे, चालेल ना?’ ते नाही म्हणाले तर नाही. विद्यार्थी तेही शिकतोच.

हाताने करायची कामं

इथे रेसिडेंट इतर कुणाहीपेक्षा सरस ठरू शकतो, कारण तो ही कामं रोज करतो. ‘एक बघ, एक कर, एक शिकव’ ही जुनी म्हण मात्र आम्ही बाद करतो. एकदा पाहून हात बसत नाही, आणि चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

पेटन यांनी १९९८ साली मांडलेली चार पायऱ्यांची रीत त्यापेक्षा फार सुरक्षित आहे. आधी शिकवणारा नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवतो. मग सावकाश, पायरीपायरीने समजावत करतो. तिसऱ्या वेळी हात शिकवणाऱ्याचे असतात पण सूचना विद्यार्थी देतो. चौथ्या वेळी विद्यार्थी सांगत सांगत स्वतः करतो. यातली तिसरी पायरी लाखमोलाची, आणि गाळली जाते तीच. विद्यार्थ्याला क्रम येत नाही हे तिथे सुई टोचायच्या आधीच कळतं. आमची एक दुरुस्ती आहे. जाग्या रुग्णासमोर विद्यार्थ्याने ‘आता काय करायचं... अं...’ करणं बरं नाही. तिसरी पायरी सरावाच्या कृत्रिम हातावर किंवा कॉरिडॉरमध्ये उरकावी.

कॅन्युलाच घेऊ. विद्यार्थ्याची वीस नंबरची गुलाबी कॅन्युला शिरेत जाते, चेंबरमध्ये रक्त दिसतं, तो खुश होऊन प्लास्टिकची नळी पुढे ढकलतो आणि शीर फुगते. रेसिडेंट म्हणतो, ‘शीर फुटली, दुसरी बघ.’ हे शिकवणं नाही. का फुटली ते सांगायला हवं. सुईचं टोक नळीच्या थोडं पुढे असतं. रक्त दिसतं तेव्हा सुई शिरेत असते, नळीचं तोंड अजून बाहेर किंवा भिंतीत अडकलेलं असतं. तेव्हाच नळी ढकलली तर ती भिंत सोलत जाते. म्हणून रक्त दिसलं की कोन कमी करायचा, जवळपास त्वचेला समांतर. सुई आणि नळी मिळून दोन-तीन मिलिमीटर आणखी पुढे न्यायची, आणि मगच सुई जागच्या जागी धरून नळी सरकवायची. त्यानंतर टूर्निके (हाताला आवळून बांधलेला पट्टा) सोडायचा, नळीच्या टोकाच्या वरच्या बाजूला बोटाने शीर दाबायची, आणि शेवटी सुई काढायची. टूर्निके सोडायच्या आधी सुई काढली की चादर रक्ताने माखते. एकदा मागे घेतलेली सुई नळीत परत घालायची नाही, टोकाने नळी कापली जाऊन तुकडा शिरेत राहू शकतो. सुई लगेच धारदार वस्तूंच्या डब्यात, टोपण परत लावायचं नाही.

आणि प्रयत्न किती करायचे ते आधीच ठरवायचं. आमच्या मते विद्यार्थ्याला दोन. मग रेसिडेंट हात धुऊन पुढे येतो, आणि रुग्णासमोर विद्यार्थ्याला एक शब्दही बोलत नाही.

प्रश्न विचारणं आणि टोचणं

राउंडवर प्रश्न विचारणं वाईट नाही. वाईट आहे ते समोरचा गप्प होईपर्यंत प्रश्नांवर प्रश्न टाकत राहणं. एखाद्या सिंड्रोमला कुणाचं नाव आहे, हे विचारून काहीच शिकवलं जात नाही. ‘या रुग्णाला हे औषध का थांबवलं?’ यातून शिकवलं जातं. गटात विचारताना सगळ्यात कनिष्ठापासून सुरू करावं. सीनियरने आधी उत्तर दिलं की धाकट्याने विचार करायचं कारण उरत नाही.

आणि थांबावं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. वॉर्डाच्या घाईत तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

‘छान’ने काही होत नाही

विद्यार्थी म्हणतात फीडबॅक मिळत नाही, रेसिडेंट म्हणतात रोज देतो. दोघंही खरं बोलतात. चालता चालता म्हटलेलं ‘चांगलं होतं, अजून वाच’ विद्यार्थ्याला फीडबॅक वाटतच नाही. सुरुवातच अशी करावी, ‘आत्ताच्या केसबद्दल दोन गोष्टी सांगतो.’ मग पाहिलेलं सांगावं, माणसाबद्दलचं मत नाही. ‘तू ढिला आहेस’ याचं काय करायचं हे कुणालाच कळणार नाही. ‘हिस्ट्री सांगताना आजच्या तक्रारीवर यायला तुला चार मिनिटं लागली, उद्या पहिल्या वाक्यात वय, मुख्य त्रास आणि किती दिवस एवढं आलं पाहिजे’ याचं करता येतं. कौतुक चारचौघांत चालेल, दुरुस्ती बाजूला घेऊन. मात्र चूक रुग्णाला इजा करणारी असेल तर तिथल्या तिथे, शांत आवाजात थांबवावं.

कामाचं ओझं आणि रात्र

नमुने लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणणं, फॉर्म भरणं. ही कामं विद्यार्थ्याने अजिबात करू नयेत असं आमचं म्हणणं नाही, टीममध्ये असलेला माणूस हातभार लावतो. पण ज्या कामानंतर दोन मिनिटांचंही बोलणं होत नाही, ते शिक्षण म्हणून खपवू नये. रिपोर्ट आणायला पाठवलं तर ‘येताना वाच, आणि आपण आता काय बदलायचं ते येऊन सांग’ एवढं जोडलं की काम तेच, पण विद्यार्थी त्यात शिरतो.

सलग ड्युटीने पेंगुळलेला रेसिडेंट चांगला शिकवू शकत नाही, आणि तो दोष त्याचा नाही. अशा रात्री एकच मुद्दा, दोन मिनिटांत, पुरे. पण झोप झालेली नसताना तो रुग्णाबद्दल कसा बोलतो, हातमोजे घालतो का, चुकलेली नोंद खोडून लपवतो की तारीख-वेळ टाकून दुरुस्त करतो, हे विद्यार्थी पाहत असतो. त्या वेळची शिकवणी थांबवता येत नाही, चांगली किंवा वाईट होतेच.

रुग्ण कोसळला की बोलणं बंद. तेव्हा विद्यार्थ्याला ठरावीक काम द्यावं. वेळा आणि औषधं लिहून घेणं, किंवा छाती दाबणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदल. ‘बाजूला उभा राहा’ म्हटलेला विद्यार्थी फक्त भीती घेऊन जातो. सगळं आटोपल्यावर, रुग्ण वाचो न वाचो, दहा मिनिटं बसून काय झालं ते क्रमाने बोलावं. याची गरज रेसिडेंटलाही असते.

हे सगळं आपोआप येत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांना मान्यता देणाऱ्या एलसीएमईची अटच आहे की विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या रेसिडेंटना त्या कामासाठी तयार केलेलं असावं. अट योग्य आहे. नुसत्या स्लाइड दाखवणारी कार्यशाळा मात्र वाया जाते. दोन रेसिडेंट आणि एक विद्यार्थी, खरी केस, तिसऱ्याने पाहून सांगायचं, अशा सरावाने हात वळतो. आणि ज्या विभागात शिकवण्यासाठी राउंडमधली दहा मिनिटंही राखून ठेवत नाहीत, तिथे कार्यशाळेतलं शहाणपण आठवड्याभरात विरतं.

एक गोष्ट मात्र चांगल्या चांगल्यांकडूनही सुटते. विद्यार्थ्याने केस घेतली, निदान सांगितलं, पोस्टिंग बदललं, आणि पुढे काय झालं ते त्याला कधी कळलंच नाही. मग आपलं अनुमान बरोबर होतं की चूक, हे त्याने पडताळायचं कशावर? यासाठी रेसिडेंटला वेगळा वेळ काढावा लागत नाही. केस मांडली त्याच दिवशी विद्यार्थ्याने वहीत तारीख, आपलं निदान आणि त्यावर किती टक्के खात्री आहे ते लिहायचं. रेसिडेंटने चौथ्या दिवशी विचारायचं, ‘तुझ्या त्या दमवाल्या काकांचा इको पाहिलास का?’

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहायला गेलेला विद्यार्थी बहुधा काकांनाही भेटून येतो, आणि आता आडवं झोपता येतं का तेही विचारून येतो.